कंट्रोल गटातली स्लाइड

कपाशीवरची फवारणी भरात आली की यवतमाळकडच्या गावांतून आमच्या नागपूरच्या प्रयोगशाळेत रक्ताच्या नळ्या बर्फाच्या पेटीतून येऊ लागतात. २०१७ साली त्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून तपासणी म्हटली की सर्वांना कोलिनेस्टरेज हे रक्तातले विकर (एन्झाइम) आठवते. ऑरगॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकांनी ते दबले की घाम, लाळ, उलट्या सुरू होतात. ते डोळ्यांना दिसते, म्हणून त्याची बातमी होते. धडधाकट माणसाच्या डीएनएला पडलेल्या चिरांची बातमी होत नाही. त्या शोधण्यासाठी आम्ही कॉमेट चाचणी करतो.

हे काम हाताच्या कसबाचे आहे. पांढऱ्या पेशी अगारोज या जेलीसारख्या पदार्थाच्या पातळ थरात बसवायच्या, मीठ आणि डिटर्जंटच्या द्रावणात त्यांची आवरणे विरघळवायची, सामू १३ च्या वर असलेल्या थंड द्रावणात डीएनएचे धागे उलगडू द्यायचे आणि मग विद्युतप्रवाह सोडायचा. तुटलेले तुकडे केंद्रकाबाहेर ओढले जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली चमकत्या गोळ्यामागे शेपूट दिसते. हे सारे मंद उजेडात करावे लागते, कारण प्रखर प्रकाशानेही नव्या चिरा पडतात. ऑक्टोबरच्या उकाड्यात वीज जाऊन द्रावण तापले की दिवस वाया जातो, पण खरेदी विभागाला इन्व्हर्टर ही चैन वाटते.

त्या दिवशी सांकेतिक क्रमांकांच्या स्लाइड मोजताना एका स्लाइडवर जवळजवळ प्रत्येक पेशीला लांब शेपूट होते. यादी उघडल्यावर तो नमुना फवारणी न करणाऱ्यांच्या, म्हणजे कंट्रोल गटातल्या एका बाईंचा निघाला. खर्रा नाही, बिडी नाही, अलीकडे एक्स-रेही काढलेला नाही; शिवाय त्याच पेटीतल्या इतर नळ्या ठीक होत्या. मी फोन केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मी कायची फवारणी करतो जी मॅडम? पंप त आमच्या घरचे घेते पाठीवर. मी पानी भरतो, ड्रममंधी औषध ढवळतो, अन् त्याइचे कपडे धुतो."

प्रश्नावलीत "फवारणी करता का?" एवढेच विचारले होते आणि त्यांनी खरे उत्तर दिले होते. ती तयार करणाऱ्या समितीतला एक जण जरी तासभर धुऱ्यावर उभा राहिला असता, तरी औषध कोण कालवते हे कळले असते.

वरिष्ठांनी तो नमुना वगळायला सांगितले. मला ते पटत नाही. मात्र निकाल पाहून बाईंना दुसऱ्या गटात हलवणे हीसुद्धा लबाडीच ठरेल. कॉमेटमधल्या बऱ्याच चिरा पेशी लवकर दुरुस्त करते, म्हणून पेशी ७२ तास वाढवून त्यांतली सूक्ष्मकेंद्रके, म्हणजे विभाजनात मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेले गुणसूत्रांचे तुकडे, हेही मोजले. तेही जास्तच भरले.

"मले कॅन्सर होईन का जी?" हा त्यांचा प्रश्न होता. मॅलाथिऑन या ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाला २०१५ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले, पण तो निष्कर्ष रसायनाबद्दलचा आहे. एका बाईच्या एका नळीवरून भाकीत करता येत नाही, हे मी त्यांना सांगितले आणि हातमोजे घालण्याचा, ते कपडे वेगळे धुण्याचा सल्ला दिला. ज्या स्त्रियांच्या स्लाइड अजून मोजायच्या आहेत, त्यांना पाणी भरणे, ढवळणे आणि कपडे धुणे याबद्दल आधी विचारावे, असे मी लेखी कळवले आहे. समितीची बैठक दोनदा पुढे ढकलली गेली आहे.