एकच वग, सात गावं : आमची वाटचाल

आमच्याकडं तमाशाचा पेनड्राइव्ह घ्यायला आलेलं गिऱ्हाईक मागची यादी वाचतं आणि हमखास विचारतं, "मालक, ह्यो एकच वग सात येळा कसा काय? चुकून भरलाय जणू." चुकून नाही. वग, म्हणजे तमाशातलं नाटक, एक, सोंगाड्या, म्हणजे हसवणारा नट, एक, गावं सात. आणि सातही ठिकाणी हवालदाराचा प्रवेश वेगळा, कारण तो लिहिलेलाच नव्हता. हे कळायला आम्हाला दहा वर्षं आणि बराच पैसा लागला.

दुकान वडिलांचं. सांगलीत मारुती चौकाच्या बाजूला फोटो स्टुडिओ होता. १९९३ साली मी त्यात खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा आणला. लग्नसराईत कामाला तोटा नव्हता. ती सरली की चार महिने माश्या मारायच्या. मधल्या काळात यात्रा कमिट्या बोलवायच्या, पण ते दुपारच्या कुस्त्यांचं शूटिंग करायला. एका गावात मैदान लवकर आटोपलं. तीन तासांच्या कॅसेटमध्ये दीडेक तास कोरा राहिला. रात्री कनातीत तमाशा होता, म्हटलं बसू या कोपऱ्यात. गण झाला, गवळण झाली, मग बतावणी, म्हणजे वगाआधीची विनोदी बोलाचाली, सुरू झाली आणि मी कॅमेरा लावला. नुसता लावला, कॅसेट वाया जाऊ नये एवढ्याचसाठी.

कमिटीनं ती कॅसेट गावात भाड्याचा टीव्ही आणून दाखवली. पुढच्या आठवड्यात त्याच गावची पोरं दुकानात. कुस्त्या नकोत, तेवढी बतावणी उतरवून द्या म्हणाली. अकरा कॉपी गेल्या. धंदा तिथं सुरू झाला असं आता म्हणता येतं. त्या वेळी वाटलं, चला, चहापाण्याचे सुटले.

आमचा मुलूखच तसा आहे. तमाशातली सोंगाड्यांची गाजलेली जोडी काळू-बाळू, त्यांचं कवलापूर सांगलीपासून हाकेच्या अंतरावर. इथल्या माणसाला सोंगाड्या कसा असावा हे शिकवावं लागत नाही. उलट तोच आपल्याला सांगतो, अमक्याला टायमिंग नाही म्हणून.

तमाशाच्या एका फडाशी आमचं जमलं. फडाचं आणि माणसांची नावं इथं देत नाही, त्यातले काही आता हयात नाहीत. फडमालकांना आम्ही आण्णा म्हणायचो, सोंगाड्याला मामा. २००१ साली व्हीसीडीचं, म्हणजे चित्र भरलेल्या सीडीचं, वारं आलं तेव्हा मी आण्णांना म्हटलं, "एकदा नीट शूटिंग करू. कनातीत धुरळा असतो, जनरेटर घरघरतो. मंगल कार्यालय घेऊ, तीन कॅमेरे लावू." पदरचे पैसे घातले, लाइट भाड्यानं आणले, मागं मखमली पडदा. दिवसा, दारं लावून, सगळा वग उरकला. चित्र असं स्वच्छ आलं की मामांच्या मिशीचा डिंकसुद्धा दिसत होता.

कुणी हसलं नाही. घरी लावून बघितलं, हिनं बघितलं, शेजाऱ्यांनी बघितलं. मामांना दाखवलं तर ते पाच मिनिटांत उठले. म्हणाले, "आरं, मी बोलून थांबतो ती जागा हशाची हाय. हितं मी थांबलोय आन् समोर कोनच न्हाई. खुळ्यावानी दिसतंय." हजार संच आधीच छापून घेतले होते. त्यातले निम्म्याहून जास्त पुढं रद्दीवाल्यालाही नको झाले.

तिथून पुढं कनात सोडली नाही. पण कनातीत आवाज धरणं हे शूटिंगपेक्षा अवघड काम. स्टेजवरच्या माइकची वायर मिक्सरमधून घेतली की मामा खणखणीत, लोक गायब. कॅमेऱ्याच्या माइकवर भरलं की जनरेटरच जास्त. शेवटी आम्ही दोन माइक बांबूला बांधून लोकांकडं तोंड करून लावायला लागलो, जनरेटरकडं पाठ करून. स्टेजचा आवाज एका बाजूला, लोकांचा दुसऱ्या बाजूला, आणि जोडताना दोन्ही मिसळायचं. गावोगावचा हशा वेगळा असतो हे तेव्हा कानाला कळायला लागलं. दुष्काळी पट्ट्यातलं पब्लिक उशिरा हसतं, पण एकदा हसलं की आवरत नाही. नदीकाठचं लगेच हसतं आणि पुढचं वाक्य खाऊन टाकतं. हे माझं मत, शास्त्र नव्हे.

दुसरी अडचण टेपची. मिनीडीव्हीची, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यातली छोटी, कॅसेट साठ मिनिटांची. वग तीन तासांचा, म्हणजे मधे दोनदा तरी बदलायची, आणि मामा काही आमच्यासाठी थांबायचे नाहीत. एका गावात सगळे कॅमेरे एकदमच संपले आणि नेमकं त्या अर्ध्या मिनिटात कनात डोक्यावर घेतलेली. काय बोलले ते आम्हाला आजही माहीत नाही, कॅसेट हातात धरून आम्हीपण हसत होतो. नंतर कॅमेरे वीस-वीस मिनिटांच्या अंतरानं चालू करायला लागलो, म्हणजे एक बंद असला तरी दोन चालू. जोडकाम रात्री. डीव्हीचं एक तासाचं चित्र म्हणजे सुमारे १३ जीबी, आणि आमची हार्ड डिस्क ८० ची. तीन कॅमेऱ्यांचा अख्खा वग तिच्यात बसायचाच नाही. अर्धा जोडायचा, काढून ठेवायचा, पुसायचा, मग उरलेला.

व्हीसीडीवर चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं. लांबून घेतलेलं सगळं स्टेज म्हणजे नुसता धूसर डाग दिसतो. म्हणून जवळून घ्यायचं, चेहरा भरून. एका डिस्कवर साधारण सव्वा तास बसतो, म्हणजे वग दोन डिस्कवर, तोही थोडा कातरून. पहिली कुठं तोडायची यावर आमचे आणि आण्णांचे वाद व्हायचे. आण्णांचं म्हणणं, भांडण पेटलं की तोडा. ते बरोबर निघायचं.

लोकांची एक तक्रार कायम राहिली, रंगबाजीची गाणी कुठायत? रंगबाजीत सिनेमाची गाणी असतात. त्यांचे हक्क म्युझिक कंपन्यांकडं, आणि ते घेण्याची आमची ऐपत नव्हती. म्हणून आमच्या संचात फक्त गण, गवळणीतल्या मावशीचा विनोद, बतावणी आणि वग. विनोदाचं कलेक्शन म्हणून आज लोक कौतुक करतात, पण ते तसं झालं ते पैशापायी.

हक्काची दुसरी बाजू ढोलकीवाल्यानं शिकवली. पहिल्या संचाचे पैसे मी आण्णांना एकरकमी दिले होते. यात्रेत स्टॉलवर डिस्क बघून ढोलकीवाले म्हणाले, "मालकाला मिळालं. माज्या थापंचं काय?" मला उत्तर देता आलं नाही. वकिलांकडं गेलो तेव्हा कळलं की कॉपीराइट कायद्यात ३८ वं कलम आहे, १९९४ च्या दुरुस्तीनं आलेलं, कलाकाराच्या सादरीकरणावर त्याचा स्वतःचा हक्क सांगणारं. तेव्हापासून एक रजिस्टर केलं. प्रत्येक प्रयोगाला कोण कोण होतं, कुणाला किती दिले, सही किंवा अंगठा. त्यात मागं सूर धरणारे सुरत्ये आहेत, कनात बांधणारेपण आहेत, जरी कायदा कनात बांधणाऱ्यांना विचारत नसला तरी. याच कायद्याच्या ५२-अ कलमाप्रमाणं कव्हरवर निर्मात्याचं नाव-पत्ता आणि सेन्सॉरच्या दाखल्याची प्रत छापावी लागते, तेही तेव्हाच कळलं. दाखला मिळावा म्हणून मी आधीच द्व्यर्थी वाक्यं कापली. कापलं वाक्य, पण हशा मागच्या वाक्यावर सांडलेला राहिला. बघणाऱ्याला कळेना की "बसा पाव्हणं" यात एवढं काय आहे.

धंदा बसला तो ठरावीक पायऱ्यांनी. २००७ मध्ये मोठ्या कंपनीच्या सिनेमाच्या व्हीसीडी २८ रुपयांना यायला लागल्या, आमचा संच साठचा. मग मोबाइलच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळायला लागलं, त्यात आमचीच बतावणी, आमच्याच नावाची पाटी खोडून. २०१६ मध्ये जिओ आलं आणि राहिलेले स्टॉल उठले. त्याच वर्षी जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं. बातमी वाचून मी जुन्या बाजारातनं तीन व्हीसीआर उचलले. हिनं डोक्याला हात लावला.

ऑगस्ट २०१९. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. दुकान पाण्याखाली, आणि सगळ्या मूळ कॅसेट खालच्या फळीवर. २००५ च्या पुरात वाचलो म्हणून गाफील राहिलो, दुसरं काही कारण नाही. पाणी उतरल्यावर दार उघडलं तर गाळ आणि वास. पहिल्या दिवशी अडाण्यासारखी वीस कॅसेट उन्हात टाकली. त्या टेपा वेड्यावाकड्या झाल्या, गेल्याच. मग विचारून-वाचून शहाणपण आलं. पाच स्क्रू काढून कॅसेट उघडायची, रिळं बाहेर घ्यायची, स्वच्छ पाण्यात खंगाळायची, शेवटचं पाणी डिस्टिल्डचं, आणि सावलीत पंख्याखाली वाळवायची. मग दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोक्यात रिळं बसवून एकदाच चालवायची आणि त्याच वेळी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची. दर कॅसेटला व्हीसीआरचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं. पुढच्या वर्षी लॉकडाउन लागला, दोन हंगाम यात्रा नाहीत, फड घरी बसले. दिवसाला दोन कॅसेट, असं काम झालं.

त्यातच ती एक कॅसेट निघाली. हवालदाराचा प्रवेश ऐन रंगात असताना गावातली लाइट जाते. चित्र काळं. व्हीसीडीच्या वेळी मी ही चार मिनिटं कापून टाकली होती. बॅटरीवर कॅमेरा आणि माइक मात्र चालू होते. अंधारात मामांचा आवाज येतो, "पाटील, बिल भरायला कुणाला पाठवलंता? माज्या मेव्हन्याला?" हशा. कुणीतरी काडी ओढतं. "इजव! माज्या मिशीला डिंक हाय." परत हशा. मग चार मिनिटं तो माणूस काळोखाशी बोलतो आणि हजारभर लोक काळोखातनं त्याला उत्तर देतात. जनरेटर चालू झाल्यावर लोक ओरडतात, "लाइट घालवा!"

ही चार मिनिटं आता काळ्या पडद्यासकट जशीच्या तशी ठेवलीत. पेनड्राइव्हवर तिसऱ्या गावात आहेत. गिऱ्हाईकाचा फोन येतो की चित्र दिसत नाही, तेव्हा आम्ही आवाज मोठा करायला सांगतो.

मामांच्या मुलाला पहिला संच दिला, पैसे घेतले नाहीत. विक्रीचा हिशोब दर दिवाळीला रजिस्टरप्रमाणं वाटतो, रक्कम सांगण्यासारखी नसते. दुकान आता पहिल्या मजल्यावर. चाळीसेक कॅसेट अजून उतरवायच्यात. तीनपैकी एक व्हीसीआर सुट्या भागांसाठी खोललाय, दुसऱ्याचा पट्टा सैल झालाय. कुणाकडं माळ्यावर चालू व्हीसीआर पडून असेल तर भंगारात घालायच्या आधी दुकानात आणून द्या, किंमत देऊ.