काकू मला "तुम्ही" म्हणाल्या

आज दुपारपासून एकच शब्द डोक्यातून जात नाही. काकू मला "तुम्ही" म्हणाल्या.

मी त्यांची पीअर आहे, म्हणजे मानसिक आजारातून स्वतः सावरून त्याच वाटेवरच्या दुसऱ्या माणसाला सोबत करणारी. गेल्या चौदा महिन्यांत असे एकदाही झाले नव्हते. पहिल्याच भेटीत त्यांनी माझे वय विचारून घेतले होते आणि "मग मी तुला अगंतुगं करणार बरं का" असे सांगून टाकले होते. मी "अहो काकू" म्हणायचे आणि त्यांनी "अगं" म्हणायचे, म्हणजे त्या खोलीतले मोठे माणूस त्या, हे न बोलता ठरून गेले होते. घरात ज्या बाईला आता कोणी काही विचारत नाही, तिला आठवड्यातून एक तास तरी कोणापेक्षा तरी मोठे असता येते, याचे मोल मी जाणून होते. आज त्यांची नजर भिंतीवरच्या नव्या फ्रेमकडे गेली आणि त्यांनी विचारले, "हे कसलं गं?" मी सांगितले. नको इतके सांगितले. या कामाचे राज्याचे प्रमाणपत्र माझ्याकडे आधीपासून आहे, हे त्याच्या वरचे, राष्ट्रीय पातळीवरचे, मेंटल हेल्थ अमेरिका या संस्थेचे. त्यासाठी देखरेखीखाली केलेले तीन हजार तासांचे काम लागते, मग सव्वाशे प्रश्नांची परीक्षा. "तीन हजार तास!" काकू म्हणाल्या. मग त्या खुर्चीत जराशा सावरून बसल्या आणि नुकतीच उघडलेली पर्स त्यांनी बंद केली. "म्हणजे आता तुम्ही मोठ्या झालात."

त्या पर्समध्ये चिठ्ठी असते. डॉक्टरांना काय सांगायचे ते काकू औषधाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्याच्या कोऱ्या बाजूवर निळ्या शाईने लिहून आणतात, आणि भेटीला जाण्याआधी माझ्यापुढे धरतात: "बघ गं, नीट लिहिलंय का." मी त्यात कधी एक अक्षरही बदललेले नाही, फक्त मोठ्याने वाचून दाखवते. आपलेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकले की त्यांना ते बोलायचा धीर येतो. आज चिठ्ठी बाहेर आली नाही. मीही मागितली नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मला आधी स्वतःचीच फार कीव आली. इतक्या वर्षांनी एक गोष्ट पूर्णत्वाला नेली आणि तिचे कौतुक करणारे जे एक माणूस खरोखर माझे होते, तेच त्या कौतुकाने लांब गेले, असे वाटत राहिले. दादाने उत्तरादाखल अंगठ्याचे चित्र पाठवले आहे. आईशी बोलायचे राहिले आहे. ते आज नको.

या प्रमाणपत्राची पहिली अट आठवते. मानसिक आजारातून आणि त्यातून सावरण्याच्या वाटेवरून स्वतः गेलेले असणे, ही ती अट. आजवर भरलेल्या प्रत्येक अर्जात मी आजारपणाचे ते अकरा महिने कुठेतरी दडवत आले होते, कधी शिक्षणात, कधी घरच्या अडचणीत. या एकाच अर्जात ते पात्रता म्हणून लिहिता आले. लिहिताना हात थांबला होता. आणि ते तीन हजार तास तरी कशाचे? दवाखान्याच्या बाहेर कोणाच्या तरी शेजारी बसून राहिल्याचे, घराबाहेर पडायला जमत नसलेल्या माणसाबरोबर दारापासून बसथांब्यापर्यंत आणि परत चालल्याचे, न बोलल्याचेही. काकूंबरोबरचे तासही त्यात मोजलेले आहेत. हे त्यांना सांगायला हवे होते, आणि नेमके तेवढेच मी सांगितले नाही.

या कामाला कागद असावा, हे माझे मत आजही आहे. फ्रान्समध्ये बिसेत्रच्या रुग्णालयात आधी स्वतः रुग्ण म्हणून राहिलेल्या झाँ-बाप्तिस्त प्युसँ यांनी १७९७ मध्ये मनोरुग्णांच्या साखळ्या काढल्या. बऱ्या झालेल्या रुग्णांना ते सेवक म्हणून कामावर घेत असत, आणि त्यांच्यापाशी कोणताही कागद नव्हता. इथे अमेरिकेत क्लिफर्ड बिअर्स तीन मनोरुग्णालये सोसून बाहेर आले आणि १९०९ मध्ये त्यांनी जी संस्था उभारली, तिच्याच आजच्या रूपाने मला ही फ्रेम दिली आहे. १९५३ मध्ये त्या संस्थेने रुग्णांना जखडण्याच्या साखळ्या आणि बेड्या वितळवून तीनशे पौंडांची घंटा ओतून घेतली होती. पण सोसलेल्या माणसाच्या सोबतीला वेतन मिळेल अशी सोय व्हायला बराच काळ जावा लागला. १९९९ मध्ये जॉर्जिया राज्यात या कामाचे पैसे मेडिकेडमधून, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातून, मिळू लागले, आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने सर्व राज्यांना पत्र लिहून देखरेख, प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र यांच्या अटी घातल्या. पूर्वी मी जिथे काम करत होते, तिथे उपचारांच्या बैठकीच्या वेळी मला बाहेर थांबायला सांगत असत. ज्या माणसाबरोबर मी आठवड्याचे चार तास घालवत असे, त्याच्याविषयी आत काय ठरले ते मला त्याच्याच तोंडून कळायचे. आता बैठकीत मला खुर्ची असते. ती या कागदांनी दिली, हे मी विसरणार नाही.

पण काकूंनी पर्स बंद केली, ते डोळ्यांपुढून हलत नाही.

अभ्यास करताना एक गोष्ट मी पुन्हापुन्हा घोटली होती: पीअरने आपली गोष्ट सांगावी, पण ती समोरच्या माणसाच्या उपयोगासाठी आणि त्या उपयोगापुरतीच. माझ्या आजाराविषयी एक वाक्य काकूंना सांगण्याआधी मी ते दहा वेळा मनात तोलते. हे आता सांगू का, कोणासाठी सांगते आहे, याने त्यांच्यावर ओझे तर पडणार नाही ना. दुःखाच्या बाबतीत इतकी वर्षे मी हा नियम पाळत आले, आणि आनंदालाही तो लागू असतो हे मला सुचलेच नाही. आज जे सांगितले ते माझ्यासाठी सांगितले. ऐकायला कोणी तरी हवे होते आणि समोर काकू होत्या.

आता रात्री, सगळे शांत झाल्यावर, थोडे निराळेही वाटते आहे. काकूंचा "तुम्ही" दुराव्याचाच होता, हे मी परस्पर ठरवून मोकळी झाले. परीक्षा पास होऊन आलेल्या मुलीलाही मोठी माणसे क्षणभर "या, बसा" म्हणतात, आणि त्यात कौतुक असते. त्यांना विचारायचे सोडून मी त्यांच्या मनातले त्यांच्या वतीने ओळखत बसले, जे माझ्या बाबतीत इतरांनी केले तेव्हा मला मुळीच सहन झाले नव्हते. फ्रेम काढून ठेवावी असे मघाशी वाटले होते. ती काढणार नाही. काकूंपासून काही लपवले, तर त्यांनीही चिठ्ठी का दाखवावी? पुढच्या भेटीत सरळ विचारेन की त्या दिवशी "तुम्ही" ऐकून मला कसेसेच झाले, तुम्हाला काय वाटले होते?

हे लिहीत असताना कामाच्या फोनवर संदेश आलेला दिसला. संध्याकाळी सातचा आहे. "चिठ्ठी दाखवायची राहिली. डॉक्टर गुरुवारी आहेत. त्याआधी तुम्हाला वेळ असेल तर सांग."

"तुम्हाला" आणि "सांग", एकाच वाक्यात. मी ते चार वेळा वाचले. त्यांनी ते कसे लिहिले असेल, "सांगा" लिहून शेवटचा काना पुसला असेल, की हात आपोआपच जुन्या सवयीने तिकडे गेला असेल, हे मला कळायला मार्ग नाही.

सकाळी कामावर गेल्यावर पहिले उत्तर त्यांना: "मंगळवारी अकरा वाजता या, काकू. चिठ्ठी आणा. आणि मला तुम्हाला एक विचारायचेही आहे."