पुणे ते मुल्की: निघण्याआधी सर्फिंगचा बोर्ड विकत घेऊ नका

कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या मुल्कीहून सर्फिंग करून कालच परतलो. खांदे अजून वर उचलत नाहीत, तरी आजच लिहितोय. थंडी सुरू झाली की पुण्यातून बरेच जण सर्फिंगला निघतात, आणि माझे १८ हजार गेले तसे कुणाचे जाऊ नयेत.

कोथरूडमध्ये एकाकडून जुना बोर्ड घेतला. ६ फूट २ इंच, टोकदार, फायबरचा. "तुम्ही दर रविवारी सिंहगड चढता, टिळक टँकवर पोहता, तुम्हाला मोठा बोर्ड कशाला? दोन दिवसांत कंटाळाल," असं तो म्हणाला आणि मला ते पटलं. बोर्डावर मापं लिहिलेली असतात. त्यात ३१ लिटर असा आकडा होता. त्याचा अर्थ मी विचारला नाही.

लिटर म्हणजे बोर्डाचं आकारमान, म्हणजे तो तुम्हाला किती तरंगवेल ते. नवशिक्यासाठी हा आकडा निदान आपल्या वजनाच्या किलोइतका हवा, जास्त असला तर उत्तमच. माझं वजन ७६. माझ्या वजनाच्या माणसाला ३१ लिटर चालतो, पण वर्षानुवर्षं लाटांवर काढलेली असतील तर.

जायचा रस्ता कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, अंकोला, मग किनाऱ्याचा महामार्ग. एका दमात करू नका, हुबळीला मुक्काम करा. अरबैल घाटात ट्रकांमागे रखडायला होतं. बोर्ड टपावर नेताना फिन, म्हणजे बोर्डाच्या तळाचे पंख, काढा, खाली जाड गादी घाला. उन्हात बंद गाडीत ठेवू नका, पाय घसरू नये म्हणून बोर्डावर लावलेलं वॅक्स वितळून सगळीकडे लागतं.

आता ते दोन दिवस. बोर्डावर पालथा झालो की छातीखालचा भाग पाण्यात जायचा. जिवाच्या आकांताने हात मारले तरी वेग येईना, आणि लाट खालून निघून जायची. लाट पकडायची तर लाटेच्या वेगाच्या जवळपास पोचावं लागतं. अर्धा बुडालेला बोर्ड तिथवर पोचतच नाही. चुकून पकडलीच, तर बोर्डाचं पुढचं टोक पाण्यात घुसून मी पुढे फेकला जायचो. दोन दिवसांत गुडघ्यावरसुद्धा उठलो नाही. सिंहगडाचा दम इथे कामाला येत नाही. खांदे आणि तरंगणं, एवढंच लागतं.

तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या मुलाने माझा बोर्ड बाजूला ठेवला आणि ९ फुटी फोमचा बोर्ड पुढे केला. रुंदी २३ इंच, ८० लिटरच्या वर. फेसाळ लाटेत चौथ्या प्रयत्नाला उभा राहिलो! सात-आठ सेकंद असेन, पण किनारा समोरून सरकत येत होता आणि मी ओरडत होतो. उरलेले दोन दिवस मजेत गेले.

म्हणून स्पष्ट सांगतो. पहिल्या खेपेला ८ ते ९ फुटी फोमचाच बोर्ड, आणि तोही भाड्याने. तो अंगावर आला तरी फायबरसारखा लागत नाही, फिनही मऊ मागा. पायाला बांधायची दोरी साधारण बोर्डाच्या लांबीइतकी हवी. ९ फुटी बोर्डाला ६ फुटी दोरी दिली तर बदलून घ्या, नाहीतर पडल्यावर बोर्ड झटक्याने तुमच्याकडेच येतो. न फुटलेली हिरवी लाट स्वतः पकडून आडवं जाता येईपर्यंत लांबी कमी करू नका. त्यानंतर साडेसात फुटांच्या आसपास या. मधली पायरी गाळू नका, कुणी कितीही म्हणालं तरी. आणि पश्चिम किनाऱ्यावर जून ते सप्टेंबर नवशिक्याने समुद्रात उतरूच नये.

माझा बोर्ड गॅलरीत उभा आहे. विकायचाय, पण आधी घेणाऱ्याचं वजन विचारणार आणि ३१ चा आकडा दाखवणार.