अंदाज आधी, टेप नंतर: वनप्रशिक्षणाचा माझा अनुभव

वनक्षेत्रात काम करायचं म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो तब्येतीचा. चालावं लागतंच. पाठीवर सामान घेऊन चढ-उतारावर दिवसभर चालायची सवय मी प्रशिक्षणाच्या आधीच लावून घेतली होती, तिचा फार उपयोग झाला. मात्र प्रशिक्षणात सगळ्यात जास्त घासून निघाली ती नजर.

आमच्या प्रशिक्षकांचा नियम होता: टेप लावण्याआधी अंदाज वहीत लिहायचा. घेर किती, उंची किती, पुढच्या झाडापर्यंत अंतर किती. मग मोजायचं आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवायचे. काही आठवड्यांत प्रत्येकाच्या वहीत त्याच्या नजरेचा कल दिसू लागला. कुणी उंची सतत कमी धरायचं, कुणी जाड झाडं आणखी जाड. कल एकदा कळला की मनातल्या मनात तेवढी दुरुस्ती करता येते. माझ्या मते या क्षेत्रातलं हेच मूळ कौशल्य आहे, कारण हजारो झाडांच्या जंगलात प्रत्येक झाडाला टेप लावणं कुणालाच शक्य नसतं.

मोजणी वरवर सोपी दिसते, पण तिची शिस्त कडक आहे. घेर छातीच्या उंचीवर घ्यायचा. भारतात ही उंची १.३७ मीटर धरतात, बऱ्याच देशांत १.३ मीटर. उतारावर चढाच्या बाजूला उभं राहून ती ठरवायची. खोड त्याखालीच दुभंगलं असेल तर दोन झाडं धरायची. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो, आणि पुढच्या हिशोबात त्या व्यासाचा वर्ग होतो. म्हणून ५० सेंटीमीटरच्या जागी ५५ लिहिलं गेलं, तर खोडाच्या छेदाचं क्षेत्रफळ थेट २१ टक्क्यांनी फुगतं. अंतराचंही तसंच. ०.१ हेक्टरच्या गोल नमुना क्षेत्राची (मोजणीसाठी आखलेल्या जंगलाच्या छोट्या भागाची) त्रिज्या १७.८४ मीटर असते, पण ती आडवी. ३० अंशांच्या उतारावर जमिनीलगत २० मीटर टेप ताणली, तरी आडवं अंतर १७.३ मीटरच भरतं. शाळेतली त्रिकोणमिती इथे रोज लागते. ज्यांची ती कच्ची असेल त्यांनी आधीच पक्की करून यावं.

मला सगळ्यात आवडलेली पद्धत ऑस्ट्रियाचे वनतज्ज्ञ वाल्टर बिटरलिख यांची, १९४८ मध्ये मांडलेली. डोळ्यापासून एक मीटरवर दोन सेंटीमीटर रुंदीची पट्टी धरायची आणि एका जागी उभं राहून पूर्ण गोल फिरायचं. छातीच्या उंचीवर जी खोडं पट्टीपेक्षा रुंद दिसतील तेवढीच मोजायची. सपाट जागी जेवढी झाडं भरतील, तेवढे चौरस मीटर खोडांचं छेदक्षेत्र तिथे दर हेक्टरी आहे. एकाही झाडाला हात लावायचा नाही! पहिल्यांदा हा आकडा टेपच्या मोजणीशी जुळताना पाहिला तेव्हा मी हरखून गेलो होतो.

झाडं ओळखायला फुलाफळांची वाट पाहून चालत नाही. पानगळीनंतर हाताशी उरतात साल, फांद्यांची ठेवण, कळ्या समोरासमोर की एकाआड एक, आणि सालीचा वास. नकाशा आणि होकायंत्र मी जीपीएसच्या आधी शिकलो. दाट छत्राखाली किंवा खोल घळीत जीपीएसचा ठिपका सरकत राहतो, तेव्हा हेच कामाला येतात.

वणव्याच्या प्रशिक्षणात एक गोष्ट कायमची डोक्यात बसली: आग चढावर वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून सुकवतात. त्यामुळे आगीच्या वरच्या उतारावर थांबायचं नाही, आणि काम सुरू करण्याआधी निघायची वाट ठरवायची. यांत्रिक करवतीचंही तेच. झाड पाडताना खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये न कापलेल्या लाकडाची पट्टी, म्हणजे बिजागरी, शिल्लक ठेवावी लागते. पडण्याची दिशा तीच सांभाळते. ती पूर्ण कापली गेली तर झाडावर कुणाचाच ताबा राहत नाही.

शेवटची परीक्षा म्हणजे एक अनोळखी तुकडा: मोजणी, नकाशा, अहवाल आणि तोंडी प्रश्न. आकड्यांवर फार विचारलं नाही. विचारलं ते असं: यातली कोणती झाडं काढाल, कोणती राखाल, आणि इथून सरपण नेणाऱ्या बाईला ते कसं समजावून सांगाल? तयारी करताना गावकऱ्यांशी बोलणं हा विषय मी मोजणीइतकाच गंभीरपणे घेतला होता. आधी तिच्याकडूनच ऐकून घेईन, असं मी सांगितलं: ती कोणत्या वाटेने येते, कोणतं लाकूड नेते, कोणत्या महिन्यात. त्यावरच अर्धा तास चर्चा झाली आणि मी उत्तीर्ण झालो.