आमची वाटचाल: स्टॅबिलायझर ते स्थिर दिवा

हिंगणा एमआयडीसीत बाबांचं स्टॅबिलायझरचं छोटं युनिट होतं. नागपूरचा उन्हाळा, पारा ४५ च्या पुढे, घरोघरी कूलर, आणि व्होल्टेज कधी १७० तर कधी २६०. बाबा स्वतः कॉइल गुंडाळायचे. म्हणायचे, "गिऱ्हाइकाला फ्रीज चालल्याशी मतलब, आपल्याला आकडा न हलल्याशी." आजही आमचा धंदा तोच आहे. व्होल्टेजच्या जागी उजेड आला, एवढंच.

अवकाश दुर्बिणीचे उजेड टिपणारे डिटेक्टर जमिनीवर तपासायला लागणारे स्थिर प्रकाशस्रोत आम्ही बनवतो. डिटेक्टर नुसते आकडे देतो. कुठला आकडा म्हणजे किती उजेड, हे उड्डाणाआधीच ठरवावं लागतं. २००९ साली गेलेली केप्लर दुर्बीण ताऱ्यासमोरून ग्रह सरकताना उजेड किती घटतो ते बघायची. सूर्यासारख्या ताऱ्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला, तर ही घट दहा लाखात साधारण ८४ भाग. असं काही पकडणारा डिटेक्टर तपासायचा, तर समोरचा दिवा त्याहून शांत हवा.

आमचा स्रोत म्हणजे एक पोकळ गोळा, आतून बेरियम सल्फेटचा पांढरा लेप. हॅलोजन दिव्याचा उजेड आत असंख्य वेळा आपटतो आणि खिडकीतून सगळीकडे सारखा बाहेर पडतो. नवा दिवा लगेच बसवत नाही, फिलामेंट मुरेपर्यंत कित्येक तास जाळतो. त्याच्या काचेला उघडं बोट लावायचं नाही, बोटाचं तेल तापून डाग पडतो. विजेचा प्रवाह १ टक्का हलला तर उजेड ६ टक्क्यांच्या आसपास हलतो. म्हणून खरी कसोटी पॉवर सप्लायची, आणि ती विद्या घरचीच होती.

तरी पहिलाच गोळा फसला. एका संशोधन संस्थेला दिला होता. तिथून फोन आला, सकाळी लावलेला दिवा दुपारपर्यंत पाऊण टक्का उतरतो. आमच्या नोंदीत तर रेषा सरळ! आठ दिवस आम्ही त्यांच्याच मीटरला दोष देत राहिलो, याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी गोळा परत आणला, दिवसभर चालू ठेवला. संध्याकाळी बाबांच्या वेळचे आमचे वाइंडिंगवाले काका आले, उजेड मोजून सर्किटला सांगणाऱ्या फोटोडायोडच्या कडीला त्यांनी हात लावला आणि म्हणाले, "भाऊ, दिवा नाही, डोळा तापून राहिला."

खरंच तसं होतं. सिलिकॉनचा फोटोडायोड तापला की अवरक्त (डोळ्यांना न दिसणाऱ्या, लालपलीकडच्या) बाजूचा उजेड जास्त पकडतो, आणि हॅलोजनमध्ये तो भरपूर. सर्किटला वाटायचं उजेड वाढला, म्हणून ते प्रवाह कमी करायचं. आम्ही त्याच डोळ्याने मोजत होतो, मग रेषा सरळच दिसणार. हबल अवकाश दुर्बिणीचं असंच झालं होतं. १९९० साली ती वर गेल्यावर कळलं की मुख्य आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉन जास्त सपाट घासली गेली आहे, कारण आरसा तपासायच्या उपकरणातच एक भिंग १.३ मिलिमीटर सरकलेलं होतं. हे वाचलं तेव्हा मला झोप आली नव्हती. त्यांच्याकडे १९९३ मध्ये अंतराळवीर दुरुस्तीला जाऊ शकले. प्रत्येक दुर्बिणीच्या नशिबी ते नसतं.

मग आम्ही डोळ्यापुढे अवरक्त अडवणारा फिल्टर लावला, डोळा पेल्टियरवर, म्हणजे विजेवर थंड-गरम होणाऱ्या पट्टीवर, २५ अंशांना धरला. आणि शेजारी दुसरा डोळा बसवला, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या मानकाशी ताडलेला. तो सर्किटला जोडलेला नाही, नुसता साक्षीदार. गोळा आमच्या खर्चाने बदलून दिला. त्या संस्थेची पुढची ऑर्डरही आमच्याकडेच आली.

आता आम्ही अकरा जण आहोत. प्रत्येक गोळा ७२ तास चालवल्याशिवाय बाहेर जात नाही, आणि रात्रपाळीचा माणूस दर अर्ध्या तासाला दोन्ही डोळ्यांचे आकडे रजिस्टरमध्ये पेनाने लिहितो. बाबा हल्ली रोज येत नाहीत. आले की आधी साक्षीदाराचा आकडा बघतात, मग खुर्चीवर बसतात.