छंग्येछनच्या काठाने: सोलमधल्या एका ओढ्याची उलटतपासणी

नगररचनेवर कुठेही व्याख्यान असो, सोलच्या छंग्येछन ओढ्याचे दोन फोटो पडद्यावर येतातच. पहिल्यात ओढा झाकून त्यावर बांधलेला उड्डाणपूल, दुसऱ्यात तो पाडून ओढा पुन्हा उघडल्यावर त्याच जागी वाहतं पाणी आणि काठावर पाय सोडून बसलेली माणसं. लोक माना डोलावतात, पुढची स्लाइड येते. मला त्या दोन फोटोंच्या मधलं बघायचं होतं, आणि जमलं तर खालचंही. म्हणून सोलला जायचं ठरल्यावर राजवाडे नंतरसाठी ठेवले आणि हा ओढा सुरुवातीपासून संगमापर्यंत पायी बघायचं पक्कं केलं. सोबत मैत्रीण होती. मैलावाहिन्यांचं डिझाइन हे तिचं रोजचं काम, त्यामुळे तिची नजर फुलझाडांवर कमी आणि झाकणांवर जास्त.

ग्वांगह्वामुन मेट्रो स्थानकातून बाहेर पडलं की दोन-चार मिनिटांत छंग्ये चौक येतो. तिथे क्लेस ओल्डनबर्ग आणि कूश्ये फान ब्रुखन यांचं 20 मीटर उंच, शंखासारखं रंगीत शिल्प आहे. त्याच्या पायथ्याशी पाणी उफाळतं, छोट्या धबधब्यावरून खाली पडतं आणि रस्त्यापेक्षा बऱ्याच खाली असलेल्या ग्रॅनाइटच्या पात्रातून चालू लागतं. गर्दी ही एवढी. मुलं पायदगडांवरून उड्या मारतायत, ऑफिसातले लोक बूट-मोजे काढून पाण्यात पाय घालून बसलेत.

"धबधबा कसला, आउटलेट आहे गं हे," मैत्रीण म्हणाली.

खरंच आहे ते. रोज सुमारे 1,20,000 टन पाणी पंपाने आणून इथे आणि पुढे आणखी काही ठिकाणी सोडलं जातं. त्यातलं बहुतेक हान नदीचं, उरलेलं मेट्रोच्या भुयारांत झिरपणारं भूजल. त्यामुळे पात्रात बाराही महिने साधारण 40 सेंटीमीटर पाणी राहतं. मूळचा ओढा असा नव्हता. कोरियात वर्षाचा निम्म्याहून जास्त पाऊस जून ते ऑगस्टमध्येच पडतो. बुगाक्सान, इनवांगसान, नामसान, नाकसान या चार डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत जुनी राजधानी वसली आणि त्या डोंगरांवरचं सगळं पाणी या एका ओढ्यात यायचं. पावसाळ्यात घरात पाणी, इतर वेळी पात्रात धार नावापुरती. हान नदी शहरातून पश्चिमेला जाते आणि हा पूर्वेला, म्हणजे तिच्या उलट दिशेने. आता नदीचं पाणी उलटं चढवून ओढ्याच्या डोक्यावर ओततात. वीज जळते ती निराळी. 'नदी जिवंत केली' हे वाक्य मी तरी इथे वापरणार नाही.

थोडं पुढे ग्वांगथोंग पूल लागतो. याच्या भिंतीजवळ जाऊन बघा. 1410 मध्ये थेजोंग राजाने हा पूल दगडी बांधून घेतला तेव्हा सावत्र आईच्या, म्हणजे सिन्दक राणीच्या, जुन्या थडग्याचे कोरीव दगड त्यात वापरले. गादीवरून झालेल्या भांडणाचा राग त्याच्या डोक्यातून गेला नव्हता. ढगांच्या वेटोळ्यांत उभ्या देवता कोरलेले दगड, आणि त्यातले काही चक्क उलटे बसवलेले. रोज हजारो लोकांनी त्यावरून चालावं, ही सोय. मी बोट फिरवून पाहिलं, एका देवतेच्या बाहीची चुणी सहाशे वर्षांनंतरही नखाला लागते. गाडल्यामुळे वाचलं हे सगळं, कारण ओढ्यावर स्लॅब पडल्यावर हा पूल अनेक वर्षं अंधारात होता. आता तो मूळ जागी मात्र नाही. वरचा रस्ता अडेल म्हणून तो ओढ्याच्या वरच्या अंगाला दीडशे मीटर सरकवून बसवला आहे. जुन्या वास्तूंच्या अभ्यासकांनी त्यावर तेव्हाच बोंब मारली होती आणि त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही.

इथे उभं राहिलं की दोन्ही बाजूंच्या भिंतींत ओळीने लोखंडी झडपा दिसतात. पर्यटक त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि त्यांच्याकडे कुणी बघत नाही. आमचं घोडं मात्र तिथेच अडलं. मैत्रीण एका झडपेपुढे उकिडवी बसली. झडप वर बिजागरीवर टांगलेली, खालच्या कडेला काळपट ओली रेघ, आणि नाक जवळ नेलं तर ओळखीचा वास. शेजारच्या पाटीवर लिहिलं होतं की पाऊस आला की दरवाजे आपोआप उघडतात, लगेच वर जा.

तर मामला असा आहे. जुन्या सोलमध्ये सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच वाहिनीतून जातं. ओढा उघडला म्हणून ते पाणी कुठे गेलं नाही. त्यासाठी दोन्ही काठांखाली मोठ्या पेटीवाहिन्या, म्हणजे चौकोनी बंद नाल्या, बांधल्या आणि त्या खाली, हा ओढा शेवटी ज्या प्रवाहाला मिळतो त्या जुंगनांगछनजवळच्या शुद्धीकरण केंद्राला जोडल्या. कोरियातलं पहिलं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र तिथेच 1976 मध्ये सुरू झालं. कोरड्या दिवशी आपण स्वच्छ पाण्याकाठी फिरत असतो आणि पावलांखालून शहराचं सांडपाणी जात असतं. जोराचा पाऊस आला की पेट्या भरतात, झडपा उघडतात आणि मिसळलेलं पाणी ओढ्यात येतं.

हे आम्हाला बघायलाही मिळालं. दुपारी आभाळ भरून आलं. चार थेंब पडतात न पडतात तोच स्पीकरवरून सूचना सुरू झाल्या आणि जॅकेट घातलेले कर्मचारी सगळ्यांना पायऱ्यांकडे पिटाळू लागले. पाच मिनिटांत पात्र रिकामं. आम्ही एका पुलाच्या कठड्याशी छत्री धरून उभ्या राहिलो. थोड्या वेळाने समोरची झडप खालून हलली, किंचित उघडली, आणि तिच्याखालून चहाच्या रंगाचं पाणी भिंतीवरून ओघळायला लागलं. मग शेजारची, मग त्या पलीकडची. मघाशी जिथे मुलं उड्या मारत होती ते पायदगड बघता बघता दिसेनासे झाले. अशा पहिल्या धुवणात, म्हणजे पावसाच्या पहिल्या लोंढ्यात, इथे अनेकदा मासे मेले आहेत.

"डिझाइन म्हणून चोख आहे," मैत्रीण म्हणाली. "दोनशे वर्षांत एकदा येणारा पूर धरलाय. पात्र रुंद, कडेचा रस्ता बुडण्यासाठीच केलेला. पण याला नदी म्हणू नकोस."

"मग काय म्हणू?"

"उघडं गटार. छान, उघडं, रोज धुतलेलं गटार. आणि यात मी नावं ठेवत नाहीये."

तिच्या धंद्यात ही स्तुती असावी.

गंमत म्हणजे या ओढ्याचा सहाशे वर्षांचा इतिहास हा गटाराचाच इतिहास आहे. थेजोंगने 1412 मध्ये पन्नास हजारांहून अधिक मजूर लावून पात्र खणलं आणि काठ बांधले. सेजोंग राजाच्या काळात, 1441 मध्ये, पाण्याची उंची मोजायला पात्रात खांब रोवला गेला. पुढे वस्ती वाढली, सरपणासाठी आणि शेतीसाठी डोंगर उघडे पडले, आणि माती वाहून ओढ्यात आली. पुलांखालून पाणी जाईना. शेवटी 1760 मध्ये यंगजो राजाने 57 दिवस गाळ उपसण्याचं काम काढलं. त्यावर सुमारे दोन लाख माणसं होती आणि त्यात पन्नास हजार रोजंदारीवरचे गरीब. म्हणजे काम पुराचं आणि पोटापाण्याचंही. निघालेला गाळ पूर्वेला शहराच्या तटबंदीजवळ टाकला, त्याची टेकडी झाली आणि त्या टेकडीवर बेघर लोक झोपड्या खोदून राहू लागले.

कोरियन युद्धानंतरही हेच झालं. निर्वासितांनी काठावर फळ्या ठोकून घरं केली, अर्धी जमिनीवर, अर्धी पाण्यावर खांब रोवून. माजांग-दोंगमधल्या छंग्येछन संग्रहालयाजवळ तशा घरांच्या प्रतिकृती उभारल्या होत्या. 1958 पासून सरकारने टप्प्याटप्प्याने ओढ्यावर स्लॅब टाकला, झोपड्या उठवल्या आणि त्यावर उन्नत मार्ग बांधला. तेव्हा त्यालाच विकास म्हणत होते, फोटोही त्याचेच छापून येत.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं होतं, पात्र धुऊन स्वच्छ. आम्ही दोंगदेमुनच्या बाजूने पुन्हा खाली उतरलो. इथे फ्यंगह्वा मार्केटसमोर एका पुलावर जन थे-इल यांचा अर्धपुतळा आहे. या मार्केटच्या शिवणकाम कारखान्यांत कोवळ्या मुली माळ्यासारख्या बुटक्या खोल्यांत पहाटेपासून रात्रीपर्यंत राबायच्या. कामगार कायदा पाळा, एवढंच जन थे-इल यांचं म्हणणं होतं. 13 नोव्हेंबर 1970 रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी इथे स्वतःला पेटवून घेतलं. खाली ओढा तेव्हा झाकलेला होता. पुतळ्याच्या पायाशी कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती, आणि भोवतीच्या फरशीत लोकांची नावं आणि संदेश कोरलेल्या पितळी पट्ट्या बसवलेल्या आहेत.

फेरीवाल्यांची गोष्ट फोटोत कुठेच नसते. उन्नत मार्गाच्या सावलीत जुन्या वस्तू, यंत्रं, कपडे विकणारे शेकडो लोक होते. 1 जुलै 2003 रोजी पाडकाम सुरू झालं आणि त्यांना हलवावं लागलं. बऱ्याच जणांना दोंगदेमुनच्या स्टेडियममध्ये जागा दिली. काही वर्षांतच ते स्टेडियमही पाडलं, कारण तिथे वास्तुकार झाहा हदीद यांचं चंदेरी, वळणदार डिझाइन केंद्र व्हायचं होतं. फेरीवाले पुन्हा उठले आणि सिन्सल-दोंगच्या जुन्या बाजारात गेले. काठच्या दुकानदारांसाठी शहराच्या आग्नेयेला 'गार्डन फाइव्ह' नावाचं भलंमोठं संकुल बांधलं, पण तिथले गाळे परवडणार कुणाला? फार थोडे गेले. पाण्याकाठची जागा सुंदर झाली की आधी तिथे असलेल्यांना ती महाग होते, याला सोल अपवाद ठरलं नाही. आम्ही सिन्सल-दोंगला गेलो. बाजार जिवंत आहे, पण पत्र्याच्या छपराखाली, आणि ओढा तिथून दिसत नाही.

पुतळ्यापासून पुढे ओढ्याचं रूप बदलत जातं. ग्रॅनाइट कमी होतो, पात्र पसरतं, काठ उतरते होतात. बोरूची बेटं, विलोच्या लवलेल्या फांद्या, मधे वाळूचे छोटे पट्टे. ह्वांगहाक-दोंगच्या पुढे उन्नत मार्गाचे तीन खांब मुद्दाम तसेच ठेवलेत, वरच्या गजांसकट. तिथे आम्ही बराच वेळ बसलो. एक राखी बगळा खांबाच्या सावलीत उभा होता आणि दोन आजोबा त्याच्यावर नजर ठेवून होते, बहुधा रोजचेच. महापालिकेच्या नोंदींनुसार कामाआधी इथे माशांच्या 4 जाती होत्या, 2008 पर्यंत 25 झाल्या. त्यातले बरेचसे हान आणि जुंगनांगछनमधून वर चढून येतात. म्हणून मला वाटतं, ओढ्याचं निसर्गाशी जे काही नातं जुळलंय ते खालून वर आलेलं आहे. वरचा एक-दीड किलोमीटर माणसांसाठी, खालचा इतरांसाठी, अशी ही वाटणी आहे आणि ती मला मान्य आहे. भर शहरात, दोन्ही बाजूंना इमारती असताना, सगळीकडे वाळूचे पट्टे आणि बोरू मागणं हा हट्ट झाला.

मान्य नाही ते वेगळंच. खाली उतरायला बहुतेक ठिकाणी पायऱ्या आहेत. 2005 च्या 1 ऑक्टोबरला ओढा खुला झाला तेव्हा अपंगांच्या संघटनांनी याच कारणासाठी आंदोलन केलं होतं. आजही उतार शोधावा लागतो आणि काही टप्प्यांत काठाची वाट इतकी अरुंद आहे की समोरून चाकाची खुर्ची आली तर मागे सरावं लागेल.

व्याख्यानांत ज्याचा उल्लेख हमखास गाळतात ते म्हणजे बस. इथून दिवसाला दीड लाखाहून जास्त गाड्या जायच्या. रस्ता काढला तर शहर तुंबेल, असं सगळे सांगत होते. पाडकाम चालू असतानाच, 1 जुलै 2004 रोजी, सोलने अख्खं बसचं जाळं नव्याने मांडलं. रस्त्यांच्या मधोमध बसची मार्गिका आणि बस-मेट्रोला एकच कार्ड. त्याशिवाय हा ओढा उघडलाच नसता. पाणी दिसावं म्हणून आधी माणसं कशी ये-जा करतील ते ठरवावं लागलं. ज्यांना आपल्या शहरात असा प्रकल्प हवाय त्यांनी दगडांची निवड नंतर करावी.

शेवटचा टप्पा कुणी चालत नाही. माजांग-दोंगनंतर ओढा जुंगनांगछनला मिळतो. संगमाखाली साल्गोजी पूल आहे, 1483 मध्ये पुरा झालेला, 76 मीटर लांब, कठडे नसलेला आणि बुटका, पूर डोक्यावरून जाऊ देणारा. संगमाच्या पाण्यात पाणकावळे पंख वाळवत होते, आणि वाऱ्याबरोबर शुद्धीकरण केंद्राचा वास येत होता. मैत्रिणीला सगळ्या प्रवासात हीच जागा जास्त आवडली. इथून हान्यांग विद्यापीठाचं मेट्रो स्थानक जवळ आहे.

एक जागा ओढ्यापासून लांब आहे, पण चुकवू नका. ओढा झाकताना, 1959 मध्ये, सुप्यो हा जुना दगडी पूल तिथून उचलला आणि पुढे नामसानच्या पायथ्याच्या जांगछुंगदान उद्यानात नेऊन ठेवला. ओढा उघडला तरी तो परत आला नाही. नव्या पात्राची रुंदी त्याला जुळत नाही, म्हणून मूळ जागी दुसराच पूल आहे. या जुन्या पुलाच्या खांबांवर चार अक्षरं कोरलेली आहेत, 1760 च्या गाळ-उपशाची खूण. पात्राचा तळ इथपर्यंत हवा, माती त्यावर चढली की उपसायला या, असा तो हुकूम. मैत्रिणीने त्याचे सात-आठ फोटो काढले आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकले. मेट्रोच्या तिसऱ्या लाइनवर दोंगगुक विद्यापीठ स्थानकाला उतरा, सहा नंबरच्या दाराने बाहेर या, उद्यान समोरच आहे. अक्षरं बघायला पुलाच्या खाली वाकावं लागतं.