पाच जूनची रात्र

मे महिना लागला की आमच्या तालमीत पट्ट्यांना तेल लागायचं. खुंटीवरचे दांडपट्टे खाली उतरायचे, विट्याच्या, म्हणजे दोरी बांधलेल्या फेकायच्या भाल्याच्या, दोऱ्या ओढून बघितल्या जायच्या आणि संध्याकाळी वर्गणीची वही पेठेतून फिरायची. गणपतीच्या वर्गणीला कुरकुरणारी घरंसुद्धा रायगडाच्या वर्गणीला मुकाट्यानं पैसे काढायची.

शिवरायांचा राज्याभिषेक झाला ६ जून १६७४ रोजी, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. त्यामुळे गडावर सोहळा दोनदा होतो, एकदा तारखेनं आणि एकदा तिथीनं. आमचं मंडळ तारखेचं. कारण काही फार थोर नव्हतं. तारीख ठरलेली असली की कामावरची रजा आधी टाकता येते, आणि पोरांच्या शाळाही तोवर उघडलेल्या नसतात. यावरून कुणी वाद घालायला आलं तर वस्ताद म्हणायचे, "राजाला दोनदा मुजरा केला म्हणून कुणाची कंबर मोडत नाही."

कोल्हापुरातून रात्री निघायचं, महाबळेश्वरवरून आंबेनळी घाट उतरायचा, पोलादपूर, महाड करत पाच तारखेला सकाळी पायथ्याला पोचायचं. रोपवे १९९६ पासून आहे, पण वस्तादांची त्याला सक्त मनाई. "पाळण्यात बसायचं तर जत्रंला जावा." मग चित दरवाजाकडून हलगी वाजवत चढाई. जूनचा पहिला आठवडा म्हणजे कोकणात नुसती काहिली. पाऊस आला तर उपकार. खूबलढा बुरुजापर्यंत घोषणांना जोर असायचा, पुढं ताकवाल्या मावशींच्या सावलीत सगळे गप. महादरवाजा मात्र दरवर्षी फसवायचा. दोन बुरुजांच्या बेचक्यात तो असा दडवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

आम्ही खरं जायचो ते पाच जूनच्या रात्रीसाठी. ऊन कललं की होळीच्या माळावर मर्दानी खेळ रंगायचे. हलगी, घुमकं, कैताळ ही वाद्यं कडाडायला लागली की एरवी दुकानात गिऱ्हाइकाशी मान वर करून न बोलणारा आमचा एक शिंपी हातात पट्टा चढवून असा फिरायचा की लोक चार पावलं मागं सरत. पट्ट्याचा खोबळा, म्हणजे मुठीवरचं आवरण, कोपरापर्यंत हात झाकतो, मनगट वळतच नाही. सगळा वार कोपर आणि खांद्यातून येतो. जमिनीवर ठेवलेलं लिंबू त्या लवलवत्या पात्यानं कापायचं म्हणजे वर्षानुवर्षांचं काम. विटा फेकून दोरीनं परत हातात ओढणाऱ्याला टाळ्या जास्त मिळायच्या, पण जाणकार बघायचे ते पट्टा फिरवणाऱ्याचे पाय.

अंधार पडला की गडाचे वाटे पडायचे. गडदेवी शिरकाईपुढं गोंधळ, जगदीश्वराच्या देवळात कीर्तन, राजसदरेवर शाहिरी. मी शाहिरांकडे. मधल्या वेळात आमच्या मंडळातले इतिहासाचे गुरुजी पोरांना घेऊन बसत आणि हेन्री ऑक्झिंडेनची गोष्ट सांगत. हा इंग्रजांचा वकील राज्याभिषेकाला हजर होता. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोन्याच्या भाल्यांवर मोठ्या दातांचं माशाचं डोकं, घोड्यांच्या शेपट्या आणि न्यायाचा तराजू, असं सगळं त्यानं टिपून ठेवलंय. दाराशी हत्तीही पाहिले, आणि एवढ्या अवघड वाटेनं ते वर आले कसे याचं त्याला नवल वाटलं. चढून पाय भरून आलेली पोरं ते नवल त्याच्यापेक्षा जास्त समजून घ्यायची.

झोपायचं बाजारपेठेच्या जोत्यांवर. घोड्यावर बसूनच सौदा करता यावा म्हणून ती उंच बांधली असं सांगतात. मला ते कधी पटलं नाही, पण झोपायला त्यांच्यासारखी जागा नाही. रात्री सर आली तरी पाणी खालून निघून जातं.

सहा तारखेचा मुख्य सोहळा, खरं सांगायचं तर, मी पाहिला त्यापेक्षा ऐकला जास्त. कोल्हापूरच्या संभाजीराजेंच्या हस्ते अभिषेक, उत्सवमूर्तीवर सोन्याच्या होनांचा वर्षाव, मग पालखी. आमच्या नजरेपुढं फक्त फेट्यांचे तुरे. ३५० व्या वर्षी तर मुंगीला शिरायला जागा नव्हती. एवढ्या गर्दीला ना प्यायला पाणी पुरतं ना चालायला वाट, आणि गडाचं गडपण त्यात घुसमटतं, असं मला वाटतं. मंडळातल्या तरण्या पोरांना हे मत अजिबात मान्य नाही.

पालखी पुढं गेल्यावर वस्ताद नव्या पोरांना जगदीश्वराच्या पायरीशी न्यायचे. तिथं गड बांधणाऱ्या हिरोजींनी कोरून ठेवलंय, 'सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इटळकर'. प्रत्येक नव्या पोरानं ते मोठ्यानं वाचायचं, हा मंडळाचा नेम. अडखळला की पुन्हा पहिल्यापासून. पाठीमागं रांग ताटकळायची, पण वस्तादांपुढं बोलणार कोण?

उतरताना गुडघे बोलायला लागायचे, तरी पाचाडला थांबल्याशिवाय गाडी हलत नसे. राज्याभिषेकानंतर अकराच दिवसांनी, १७ जून १६७४ ला, जिजाऊ तिथंच वारल्या. पुढं मंडळात मुलींची तुकडी तयार झाली, तेव्हा त्यांनी स्वतःच ठरवलं की गडावर खेळू तेवढंच पाचाडलाही खेळायचं, समाधीच्या आवाराबाहेर, रस्त्याकडेला. पहिल्याच वर्षी लाठीचं कडं असं जमलं की महाडकडं निघालेली एसटी अडकली. ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न मारला. तेवढ्यात कंडक्टरच खाली उतरून, तिकिटांची पेटी काखेत धरून, पुढच्या रांगेत उभा राहिला.